तांबड्या रश्श्याच्या पंगतीला कोणती स्पार्कलिंग वाइन?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एक वाचक भगिनी लिहितात : येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. गच्चीवर घरचीच पंधरा-सोळा माणसे जेवायला असतील आणि सुरुवातीला स्पार्कलिंग वाइन उघडावी, अशी मुलीची हौस आहे. दुकानात नाशिकची ब्रूट, इटलीची प्रोसेको, स्पेनची कावा आणि फ्रान्सची शॅम्पेन अशा चार बाटल्या दाखवल्या. किमतीत कित्येक पटींचा फरक. ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली प्रोसेको अजिबात गोड नसणार, असे समजून चाखायला आणली, तर ती गोडसर निघाली. जाऊबाईंच्या मते सगळ्या बाटल्या सारख्याच, पैसे फक्त नावाचे. भावजी म्हणतात की, शॅम्पेन काळ्या द्राक्षांची करतात. मग ती पांढरी कशी? माझे माहेर तासगावचे आहे, घरची द्राक्षबाग आहे. आमच्या द्राक्षांची अशी वाइन का होत नाही? आणि जेवणात तांबडा-पांढरा रस्सा आहे, त्याच्याबरोबर यातले काय चालेल?

सप्रेम नमस्कार.

आपल्या दोघांना आगाऊ शुभेच्छा. जाऊबाईंच्या शंकेला आधी उत्तर देतो, कारण ते नीट समजले की आपले इतर प्रश्न निम्मे सुटतात. या चार बाटल्या सारख्या नाहीत. नावाचे पैसे त्यांच्या किमतीत आहेत, हे जाऊबाईंचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण चवीतला फरक नावामुळे पडत नाही. बुडबुडे कोणत्या भांड्यात तयार झाले आणि त्या भांड्यासाठी कोणते द्राक्ष निवडले, या दोन गोष्टींनी तो पडतो. बाटली घेताना पुष्कळ लोक देशाचे नाव आधी पाहतात. मी बुडबुड्यांचे जन्मस्थान आधी पाहतो, मग साखर, मग द्राक्ष आणि देश सर्वांत शेवटी.

बहुतेक चांगली स्पार्कलिंग वाइन सुरुवातीला साधी, न फसफसणारी वाइन असते. द्राक्षरसातली साखर यीस्ट खाते, तिचे अल्कोहोल होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. पहिल्या किण्वनात हा वायू हवेत निघून जातो. मग तयार झालेल्या वाइनमध्ये थोडी साखर व यीस्ट घालून तिला दुसऱ्यांदा आंबवतात, आणि या वेळी भांडे घट्ट बंद असल्यामुळे वायूला बाहेर जायला वाट नसते. तो वाइनमध्येच विरघळून राहतो. हे बंद भांडे म्हणजे प्रत्येकी एकेक बाटली असू शकते किंवा हजारो लिटरची पोलादी टाकी असू शकते. तिसरा मार्ग सोड्यासारखा : तयार वाइनमध्ये बाहेरून वायू भरायचा. काही स्वस्त बाटल्यांत आणि कॅनमध्ये तसे करतात. त्यांचे बुडबुडे मोठे असतात आणि पेल्यात लवकर बसतात. समारंभासाठी हा तिसरा प्रकार मी विचारातच घेणार नाही.

बाटलीतल्या पद्धतीला ‘पारंपरिक पद्धत’ म्हणतात. शॅम्पेन, कावा आणि नाशिकच्या बऱ्याच ब्रूट, म्हणजे फारशी गोड नसलेल्या स्पार्कलिंग, याच पद्धतीच्या आहेत. लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात आणि तळघरात आडवी ठेवतात. काही आठवड्यांत साखर संपते, आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या पाच ते सहा पटींपर्यंत चढतो आणि यीस्ट मरून तळाशी गाळ बनते. खरे काम इथून पुढे सुरू होते. मृत यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात, त्यांतली द्रव्ये वाइनमध्ये उतरतात आणि नुकत्याच भाजलेल्या पावाचा, बिस्किटाचा, कधी भाजलेल्या बदामाचा गंध तिला येतो. तोंडातही ती अधिक भरदार, मऊ लागते. शॅम्पेनच्या नियमाप्रमाणे साध्या बाटलीला विक्रीपूर्वी किमान १५ महिने थांबावे लागते आणि त्यांतले १२ महिने ती गाळावर असावी लागते. एकाच सालच्या द्राक्षांची, म्हणजे व्हिंटेज बाटली असेल, तर किमान तीन वर्षे. कावाला गाळावर किमान नऊ महिने पुरतात; ‘रिझर्वा’ लिहिले असेल तर १८ आणि ‘ग्रान रिझर्वा’ असेल तर ३० महिने. तेव्हा दुकानात कावाची बाटली हातात घेतल्यावर हा एक शब्द शोधावा. थोडे अधिक पैसे देऊन रिझर्वा मिळत असेल, तर ते पैसे वाया जात नाहीत.

पण गाळ बाटलीतच राहिला, तर वाइन गढूळ दिसेल. तो काढण्याची रीत मोठी कष्टाची आहे. बाटल्या भोके पाडलेल्या तिरप्या फळ्यांत मानेकडून खोवतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवत, हळूहळू उभ्या करत नेतात. शेवटी बाटली पूर्ण उलटी होते आणि सारा गाळ बुचाजवळ येऊन बसतो. १८१६ च्या सुमारास शॅम्पेनचा व्यवसाय चालवणाऱ्या विधवा क्लिको यांच्या तळघरात ही रीत बसवली गेली, असे मानतात. आता बहुतेक ठिकाणी शेकडो बाटल्यांचा पिंजरा यंत्राने फिरवून तेच काम आठवड्याभरात उरकतात. मग बाटलीची मान गोठणाऱ्या द्रावणात बुडवतात, गाळाचा बर्फाळ गोळा होतो, झाकण काढताच आतला दाब त्याला बाहेर फेकतो, आणि कमी झालेली जागा वाइन व थोडी साखर यांच्या मिश्रणाने भरून खरे बूच ठोकतात. प्रत्येक बाटलीवर इतके हात आणि इतका काळ खर्ची पडतो. किमतीचा पहिला हिस्सा हा आहे. दुसरा जमिनीच्या भावाचा व ब्रँडच्या प्रतिष्ठेचा, आणि परदेशी बाटलीच्या बाबतीत तिसरा आयात शुल्काचा, ज्याचा चवीशी काडीचा संबंध नाही.

आता द्राक्षाकडे येतो. जी वाइन इतके महिने यीस्टच्या संगतीत राहणार आहे, तिचे द्राक्ष मुळातच फार सुगंधी असून चालत नाही; फुलांचा किंवा अत्तरासारखा जोरकस वास आणि भाजलेल्या पावाचा वास एकमेकांच्या पायांत येतात. तिला हवे असते शांत गंधाचे पण भरपूर आम्लतेचे द्राक्ष. शॅम्पेन प्रांत फ्रान्सच्या ईशान्येला, थंड हवेत आणि खडूच्या जमिनीवर आहे. तिथे द्राक्ष पिकते पण आंबटपणा सोडत नाही, आणि ही उणीव वाटणारी गोष्टच त्या वाइनचा पाया आहे. तिथली मुख्य द्राक्षे तीन. शार्दोने हे पांढरे द्राक्ष ताठपणा, लिंबासारखी धार आणि दीर्घायुष्य देते. पिनो न्वार हे काळे द्राक्ष अंग आणि जोर देते. म्यूनिए हेही काळेच, पण फळाचा मोकळा, लवकर उमलणारा स्वाद त्याच्याकडून येतो. बहुतेक शॅम्पेन या तिघांच्या आणि निरनिराळ्या वर्षांच्या वाइनच्या मिश्रणातून करतात, म्हणून लेबलवर सालच नसते. ते नसणे कमीपणाचे नव्हे. बाटलीवर ‘ब्लाँ द ब्लाँ’ असेल तर ती फक्त पांढऱ्या द्राक्षांची, शॅम्पेनमध्ये जवळजवळ नेहमीच शार्दोनेची असते. ‘ब्लाँ द न्वार’ म्हणजे केवळ काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन.

भावजींचे म्हणणे म्हणूनच बरोबर आहे, आणि आपल्याला त्यात वाटणारी विसंगती तासगावच्या बागेतच दूर होईल. शरद सीडलेसचा काळा मणी बोटांत दाबून पाहा. गर हिरवट, जवळजवळ रंगहीन असतो. पिनो न्वारचेही तसेच आहे. रंग सालीत असतो, आणि साल रसात भिजत राहिली तरच तो उतरतो. म्हणून शॅम्पेनमध्ये द्राक्ष हातानेच तोडतात, घड अख्खेच दाबयंत्रात घालतात आणि हलक्या दाबाने रस चटकन बाहेर घेतात. ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरहून अधिक रस घ्यायला नियमाने मनाई आहे, आणि त्यातलाही पहिला २,०५० लिटर रस सर्वांत उत्तम समजतात. गुलाबी रंग हवा असेल, तर साली काही तास रसात ठेवतात किंवा सरळ थोडी लाल वाइन मिसळतात.

कावाची द्राक्षे वेगळी आहेत : माकाबेओ, शारेलो आणि पारेयादा. या तिन्ही पांढऱ्या जाती स्पेनच्या कातालोनियातील असून, तिथल्या पेनेदेस भागातील सान्त सादुर्नी दानोया या गावी योसेप राव्हेंतोस यांनी १८७२ साली पारंपरिक पद्धतीची पहिली बाटली केली. शारेलोमुळे तिला किंचित मातकट, बडीशेपेच्या रोपासारखा एक हिरवा गंध येतो. काहींना तो खटकतो, मला जेवणाबरोबर तो आवडतो. फ्रान्समध्येच, शॅम्पेन प्रांताबाहेर, याच रीतीने केलेल्या वाइनला ‘क्रेमाँ’ म्हणतात आणि तिची द्राक्षे प्रांतागणिक बदलतात : आल्सासमध्ये बहुधा पिनो ब्लाँ, लुआरमध्ये शेनिन ब्लाँ, बर्गंडीत शार्दोने आणि पिनो न्वार. इटलीची फ्रांचाकोर्ता आणि दक्षिण आफ्रिकेची ‘कॅप क्लासिक’ याच घराण्यातल्या. कोल्हापुरात त्या सहसा दिसत नाहीत; पण मुलगी पुण्या-मुंबईहून येणार असेल आणि तिला क्रेमाँ मिळाली, तर शॅम्पेनच्या बऱ्याच कमी पैशांत तिच्या जवळपासचा आनंद मिळतो.

प्रोसेकोची गोष्ट निराळी आहे. इटलीच्या ईशान्येकडील वेनेतो आणि फ्रिउली या प्रांतांत ग्लेरा नावाचे द्राक्ष होते. प्रोसेकोत ते किमान ८५ टक्के असावे लागते. पूर्वी या द्राक्षालाही प्रोसेकोच म्हणत. २००९ साली ते नाव प्रदेशासाठी राखून द्राक्षाला ‘ग्लेरा’ हे जुने नाव दिले गेले. नाशपती, हिरवे सफरचंद आणि पांढऱ्या फुलांचा नाजूक वास हे ग्लेराचे सारे वैभव आहे, आणि ते लांब मुरवणीत टिकत नाही. म्हणून ते वैभव जपणारी पद्धतच तिच्यासाठी योग्य ठरली. दुसरे किण्वन मोठ्या बंद पोलादी टाकीत करायचे, दाब कायम ठेवूनच वाइन गाळून घ्यायची आणि लगेच बाटलीत भरायची. यीस्टचा सहवास काही आठवड्यांचाच. फेदेरिको मार्तिनोत्ती या इटालियन गृहस्थाने १८९५ साली या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १९०७ साली फ्रान्समध्ये यूजेन शार्मा यांनी तिच्यात सुधारणा केली, म्हणून दोघांच्या नावांनी ती ओळखली जाते. टाकीची म्हणून प्रोसेको हलक्या दर्जाची, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ग्लेरा तीन वर्षे गाळावर ठेवली, तर तिच्यातले जे घेण्यासारखे आहे तेच आपण घालवून बसू. मात्र ही वाइन साठवून ठेवायची नसते. ज्या वर्षी घेतली त्याच वर्षी संपवावी, आणि दुकानात काचेच्या कपाटात दिव्याखाली उभी असलेली जुनी बाटली तर मुळीच घेऊ नये.

टाकीचीच पण आणखी वेगळ्या वळणाची एक वाइन इटलीच्या पिएमोंतेत होते : मोस्कातो द’आस्ती. मोस्कातो हे अतिशय सुगंधी पांढरे द्राक्ष. यात दोनदा आंबवणे नाही. रस बंद टाकीत एकदाच आंबवायला ठेवतात आणि साखर पुष्कळ शिल्लक असतानाच टाकी थंड करून यीस्टचे काम थांबवतात. त्यामुळे अल्कोहोल अवघे पाच टक्क्यांच्या आसपास राहते, गोडी भरपूर आणि फेस सौम्य असतो. वाइनचे जाणकार म्हणवणारे लोक तिच्याकडे नाक मुरडतात. आपल्या पंगतीत मात्र तिचे काम आहे. ते पुढे सांगतो.

आता नाशिकच्या ब्रूटविषयी. महाराष्ट्रात या वाइनची परंपरा अगदी कालची नाही. १९८० च्या दशकात नारायणगावला इंडेज या कंपनीने फ्रेंच तंत्रसाहाय्याने पारंपरिक पद्धतीची स्पार्कलिंग वाइन करून ती परदेशांतही विकली. पुढे २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिक भागात वाइनरी वाढल्या. सुला, यॉर्क, ग्रोवर झम्पा यांच्या स्पार्कलिंग आल्या, २०१३ साली शाँदों या कंपनीने दिंडोरीची ब्रूट आणि रोझे, म्हणजे गुलाबी, बाजारात आणली, आणि आपल्याला तुलनेने जवळ म्हणजे सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात, फ्रातेल्ली वाइनरीच्या बागा आहेत. यांतील बहुतेकांचा आधार शेनिन ब्लाँ हे द्राक्ष आहे, आणि त्याचे कारण आपल्या हवेत आहे. उन्हात द्राक्षाची आम्लता झपाट्याने उतरते. शेनिन ती बऱ्यापैकी धरून ठेवते. तरीही स्पार्कलिंगसाठीचे घड साध्या वाइनच्या आधी, साखर कमी आणि आंबटपणा जास्त असतानाच तोडावे लागतात, कारण दुसऱ्या किण्वनात अल्कोहोल आणखी सव्वा-दीड टक्क्याने वाढणार असते. युरोपात तोडणी उन्हाळ्याच्या अखेरीस होते, आपल्याकडे थंडीत. आणि फळ थंड राहावे म्हणून ती रात्री किंवा पहाटे करतात.

तासगावच्या बागेबद्दल आपण विचारले आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी हे वेळापत्रक आपल्या माहेरी आणि वाइनच्या बागेत बरेचसे सारखेच असते; फरक द्राक्षाच्या हेतूत आहे. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका ही खाण्याची आणि बेदाण्याची द्राक्षे. जी.ए.च्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात घड बुडवून आपण मणी फुगवतो, साल पातळ, बी नाही, गर गोड आणि आंबटपणा कमी, हीच तर बाजाराची मागणी. वाइनला याच्या उलटे लागते : लहान मणी, जाड साल, घट्ट रस, टिकून राहणारी आम्लता. थॉमसनची वाइन होतच नाही असे नाही. कॅलिफोर्नियात एके काळी स्वस्त वाइनसाठी ते बरेच वापरले गेले. पण त्यात सांगण्यासारखा गंध नसतो आणि फसफसणाऱ्या वाइनला पेलून धरणारी धारही नसते. बेदाण्याला मिळणारा भाव सोडून त्याची स्पार्कलिंग करण्यात, आपल्या भावांना विचारा, काहीच अर्थ नाही. पलूसला वाइन पार्क उभारले गेले, तेव्हाही वाइनसाठी लागणाऱ्या जाती वेगळ्या लावाव्या लागतील, हा प्रश्न होताच.

आपल्या गोडसर निघालेल्या बाटलीत दुकानदाराची चूक नाही. बूच ठोकण्यापूर्वी जी साखर घालतात, तिच्या प्रमाणावर लेबलवरचे शब्द ठरतात. लिटरमागे तीन ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल आणि वरून काहीच घातलेली नसेल, तर ‘ब्रूट नेचर’. सहापर्यंत ‘एक्स्ट्रा ब्रूट’. बारापेक्षा कमी ‘ब्रूट’. बारा ते सतरा ‘एक्स्ट्रा ड्राय’. सतरा ते बत्तीस ‘ड्राय’ किंवा ‘सेक’. बत्तीस ते पन्नास ‘डेमी-सेक’. त्याहून पुढे ‘दू’. म्हणजे एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड, आणि नुसती ड्राय त्याहूनही गोड. प्रोसेको पुष्कळदा एक्स्ट्रा ड्राय असते, कारण थोडी साखर ग्लेराच्या फळगंधाला उठाव देते. कमी गोड प्रोसेको हवी असेल, तर त्याच नावाची ब्रूट मागावी. घरात कोणाला मधुमेह असेल, तर ब्रूट नेचरमध्ये साखर नगण्य असली तरी अल्कोहोलचा प्रश्न उरतोच. तो डॉक्टरांना विचारूनच सोडवावा.

आता पंगत. आपल्या चार बाटल्यांतून मला निवडायची असेल, तर पहिल्या पेल्यासाठी मी नाशिकची पारंपरिक पद्धतीची ब्रूट किंवा कावा रिझर्वा घेईन आणि शॅम्पेनचे पैसे वाचवीन. शॅम्पेन वाईट म्हणून नव्हे. यीस्टवर मुरलेल्या वाइनचा जो सूक्ष्म गंध आपण विकत घेतो, तो सोळा माणसांच्या गलक्यात, गच्चीवरच्या वाऱ्यात आणि खाली परतत असलेल्या मटणाच्या वासात कोणाच्या नाकापर्यंत पोहोचणार? चांगली शॅम्पेन दोघांनी, निवांत, साध्या खारट खाण्याबरोबर घ्यावी. पंचविशीनिमित्त आपणा उभयतांना ती हवीच असेल, तर पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी उघडा.

ब्रूटबरोबर खायला कोल्हापुरात काही शोधायला जावे लागत नाही. मीठ, तेल आणि कुरकुरीतपणा यांच्याशी तिची उत्तम जमते : आम्लता तेलकटपणा धुऊन काढते आणि मिठामुळे वाइनमधले फळ पुढे येते. कमी तिखट भडंग, खारे शेंगदाणे, कोथिंबीर वडी, तळलेली मासळी, छोटे बटाटेवडे, यांपैकी काहीही ठेवा. फक्त वड्याबरोबर खर्डा देऊ नका. पांढरा रस्साही, मिरे आणि हिरवी मिरची बेताची असेल, तर ब्रूटला सांभाळून घेतो, कारण नारळाचे दूध, खसखस, काजू यांचा गुळगुळीत भरदारपणा आणि वाइनची धार एकमेकांना पूरक आहेत. वाटीभर रस्सा पिऊन वर एक घोट, ही जोडी पाहुण्यांना मुद्दाम करून दाखवण्यासारखी आहे.

तांबड्या रश्श्यापुढे मात्र ब्रूट उभी राहत नाही. मिरचीतील तिखट द्रव्याने जीभ पेटलेली असते. अल्कोहोल तो दाह वाढवते, विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडची चुणचुण त्यावर आणखी भर घालते आणि आंबटपणाही झोंबतो. महाग बाटली त्या वेळी फक्त टोचते. दाह शमवते ती गोडी, आणि अल्कोहोल जितके कमी तितके बरे. म्हणूनच वर मोस्कातोचा उल्लेख केला. सुके मटण आणि तांबड्याबरोबर वाइन द्यायचीच असेल, तर मोस्कातो द’आस्ती किंवा एखादी डेमी-सेक, अगदी गार करून द्या. आपण चाखलेल्या बाटलीसारखी एक्स्ट्रा ड्राय प्रोसेको दोहोंच्या मधली आहे. दही-कांद्याची वाटी शेजारी असेल, तर तीही निभावेल. खरे सांगायचे तर तांबडा वाढल्यावर पेले बाजूला ठेवून सोलकढी आणावी, असेच मी सुचवीन. केक कापणार असाल, तरी ब्रूट त्याच्याबरोबर ओतू नका. गोड खाल्ल्यावर ती नुसतीच आंबट लागते. ब्रूटचा पेला केकच्या आधी उंचवावा आणि केक किंवा श्रीखंडाला मोस्कातो ठेवावी.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १२५ मिलिलिटरचे सहा पेले होतात, म्हणजे सोळा जणांच्या पहिल्या फेरीला तीन बाटल्या पुरतात. चौथी जवळ असावी. मोस्कातोच्या दोन घ्याव्यात. एकवीस वर्षांखालील मुलांना कायद्याने वाइन देता येत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी कोकम सोडा वेगळा करा, आणि समारंभ गच्चीऐवजी हॉलवर हलवला, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची एक दिवसाची परवानगी आधी काढा.

बाटल्या दुपारी गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि उघडण्यापूर्वी किमान तीन तास फ्रिजमध्ये राहू द्या. ऐन वेळी आठवले, तर बादलीत निम्मे बर्फ, निम्मे पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवली की अर्ध्या तासात काम होते. सहा ते आठ अंश तापमान योग्य. गरम बाटलीत वायू उसळतो, बूच बंदुकीसारखे सुटते आणि निम्मी वाइन गच्चीच्या फरशीवर जाते. तारेची जाळी सैल केल्यापासून बुचावरचा अंगठा काढू नये, बाटली पाहुण्यांकडे न रोखता तिरपी धरावी, बूच घट्ट पकडून बाटली फिरवावी. आवाज हलक्या उसाशाइतकाच यायला हवा. बाटली हलवून फवारा उडवण्याची हौस भाचरांना असेल, तर त्यांना सोडा द्यावा.

पेले उभट असले तरी चालतील, पण पोट किंचित फुगीर आणि तोंड आत वळलेले असेल, तर वास अधिक मिळतो. साबणाचा अंश राहिला तर फेस चटकन मरतो, म्हणून शेवटी नुसत्या गरम पाण्याने विसळावेत. त्यानंतर ते सुती कापडाने पुसून घेतले, तर उत्तमच : बुडबुड्यांच्या त्या सरळ माळा बहुधा कापडाच्या अदृश्य तंतूंमध्ये अडकलेल्या हवेतून निघतात, हे रीम्स विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक जेरार लिझे-बेलेर यांनी दाखवून दिले आहे.

राहता राहिली उरलेली बाटली. मानेत चांदीचा चमचा अडकवून ठेवल्याने वायू टिकतो, असे सांगणारे कोणीतरी त्या रात्री हमखास भेटेल. त्याने काही होत नाही. स्पार्कलिंगसाठी कडी असलेले खास बूच मिळते, ते लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवावी.